तारीख नसलेले राजे : चांद्याच्या गोंडराजांच्या स्मरणाची चिकित्सा

चंद्रपूरहून गोंडपिपरीला जाणारी एसटी आधी बल्लारपूरला थांबते, मग बामणी, कोठारी करत गोंडपिपरी गाठते. पुढे वैनगंगा ओलांडली की आष्टी आणि गडचिरोली जिल्हा. या रस्त्यावरची दोन गावनावे प्रस्तुत लेखाचा आरंभबिंदू आहेत.

पहिले बल्लारपूर. गाव बल्लारपूर असले तरी रेल्वे स्थानकाची पाटी 'बल्लारशाह' अशी आहे. दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे मोठे जंक्शन. दिवसरात्र ध्वनिक्षेपकावरून या नावाचा उच्चार होतो आणि देशाच्या कानाकोपऱ्यातले प्रवासी तो ऐकतात. महाराष्ट्रात एखाद्या राजाचे नाव इतक्या वेळा आणि इतक्या भाषांतून उच्चारले जाण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभले असेल. पण आपण एका गोंडराजाचे नाव ऐकतो आहोत, हे त्या प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक असते? २०१८ मध्ये स्थानकांच्या सुशोभीकरणाच्या स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर यांना देशात पहिला क्रमांक मिळाला. त्या वेळी गाजली ती भिंतींवरची ताडोबाच्या वन्यजीवांची चित्रे. स्थानकाची ओळख वाघाने सांगितली. राजा पाटीवरच राहिला.

दुसरे नाव गोंडपिपरी. विदर्भात पिपरी पुष्कळ. एकीपासून दुसरी वेगळी ओळखता यावी म्हणून असे जोडनाव लागते. याच तालुक्यातले भंगाराम तळोधी आणि नागभीडकडचे तळोधी बाळापूर ही त्याची शेजारचीच उदाहरणे. पण 'गोंड' हे जोडनाव लावले कोणी? गोंड समाज स्वतःला कोयतूर म्हणतो. आपल्याच गावाला तो 'गोंडांची पिपरी' कशाला म्हणेल? हे नाव शेजाऱ्याने, वाटसरूने किंवा दफ्तराने दिलेले असावे, असे मला वाटते. म्हणजे एका गावनावात राजा आहे पण तो ओळखू येत नाही, आणि दुसऱ्यात त्याची प्रजा आहे पण ती दुसऱ्याच्या तोंडून आलेली आहे. चांद्याच्या गोंडराजांच्या सार्वजनिक स्मरणाची सारी अडचण या दोन नावांत दिसते.

या राजांची स्मारके नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली आहे आणि ती पूर्णपणे खरीही नाही. चंद्रपूरचा परकोट आहे, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे चार दरवाजे आहेत, दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह आहे, राजघराण्याच्या समाध्या आहेत. २०१७ पासून 'इको-प्रो'च्या कार्यकर्त्यांनी महिनोन्‌महिने श्रमदान करून परकोटाचे बुरूज झाडाझुडपांतून मोकळे केले, हेही सर्वांना माहीत आहे. माझा प्रश्न दगडांविषयी नाही. या राजांविषयी आपण मराठीत जे बोलतो आणि लिहितो, त्याचा साचा कुठून आला आणि त्या साच्यात काय मावत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

एकाच वर्षीचे दोन ग्रंथ

१८६९ हे वर्ष मराठी वाचकाला जोतीराव फुल्यांच्या शिवाजी महाराजांवरील पोवाड्यामुळे माहीत असते. फुल्यांनी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटले आणि राजाचे नाते शेतकऱ्याशी जोडले. तिथून एक वाद सुरू झाला. १८९५-९६ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या उत्सवासाठी चळवळ केली, १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ आला, १९८८ मध्ये गोविंद पानसऱ्यांनी 'शिवाजी कोण होता?' असे सरळच विचारले. प्रत्येक पिढीने 'हा राजा कोणाचा?' हा प्रश्न नव्याने विचारला आणि त्यावर भांडण केले. महाराजांचे स्मरण जिवंत राहण्यात पुतळ्यांइतकाच या भांडणाचाही वाटा आहे.

त्याच १८६९ चा आणखी एक ग्रंथ आहे. मेजर लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल. गोंडराजांची वंशावळ आणि त्यांच्या दंतकथा यांचे सलग इंग्रजी कथन या अहवालात आले. पुढे १९०९ च्या जिल्हा गॅझेटिअरने ते वापरले, आणि गॅझेटिअरवरून स्थानिक पुस्तिका, शालेय निबंध, वर्तमानपत्री पुरवण्या आणि आता भ्रमणध्वनीवर फिरणारे मजकूर तयार झाले. भीम बल्लाळसिंगापासून नीलकंठशहापर्यंतची यादी आपण आज पाठ म्हणतो ती या वाटेने आलेली आहे. यादीतल्या सुरुवातीच्या राजांच्या कालखंडाविषयी पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. पुस्तिकांमध्ये त्या शंका सहसा उतरल्या नाहीत.

लुसी स्मिथने लिहून ठेवले नसते तर बरेच काही हरवले असते, हे मान्य करायला हवे. पण राजा कोणत्या दाराने ग्रंथात शिरतो यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. एक राजा पोवाड्यातून आला, म्हणजे शाहिराच्या आवाजातून, समोर श्रोता धरून. दुसरा राजा महसुली अहवालाच्या इतिहासविषयक भागातून आला. तिथे त्याचे काम एवढेच होते की, सरकारने हा मुलूख कोणाकडून घेतला ते कळावे. पोवाड्याला प्रतिवाद होतो. अहवालाची नक्कल होते. दीडशे वर्षे आपण मुख्यतः नक्कल करत आलो.

याला एक प्रशासकीय कारणही आहे. चांदा जिल्हा आधी मध्यप्रांतात, मग मध्यप्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. शिवचरित्राचा वाद पुण्या-मुंबईत पेटला, तेव्हा चांद्याचे दफ्तर नागपूरच्या वाटेने चालत होते. आणि मराठी इतिहासलेखनाच्या दृष्टीने तर १७५१ हे वर्ष नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या राज्यविस्ताराचे वर्ष. चांद्याच्या बाजूने पाहिले तर त्याच वर्षी एक राज्य संपले. एकाच वाक्यात या दोन्ही गोष्टी सांगणारे मराठी पाठ्यपुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही.

पराभवाला तारीख असते

आपले सार्वजनिक स्मरण दिनदर्शिकेवर चालते. जयंती लागते, पुण्यतिथी लागते. शिवजन्माची तारीख १६२७ ची की १६३० ची यावर दीर्घ काळ वाद झाला, जेधे शकावलीने तो वेगळ्या वळणावर नेला, आणि आज सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला होते. हा वाद होऊ शकला, कारण शकावल्या, बखरी आणि पत्रे होती.

चांद्याच्या राजांच्या जन्मतारखा सांगणारे असे कागद आपल्या हाती नाहीत. खांडक्या बल्लाळशहाचा जन्म कधीचा? हिराईचा कोणत्या तिथीचा? ज्या थोड्या नोंदी आहेत त्या बाहेरून आलेल्या आहेत. 'आईन-ए-अकबरी'त चांद्याचा बाबाजी येतो, तो १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ बाळगणारा जमीनदार म्हणून. १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणारा दिलेरखान मराठी वाचकाला मुरारबाजीमुळे चांगला परिचयाचा आहे. तोच दिलेरखान दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, चांद्यावर आला आणि खंडणी वसूल करून गेला. चांद्याने ती दिली. पुरंदरसारखी लढाई झाली नाही, म्हणून चांद्याच्या वाट्याला मुरारबाजीही आला नाही. खंडणी देऊन मुलूख वाचवणारा राजा कोणत्या उत्सवात बसतो?

गोंड इतिहासातल्या ज्या व्यक्तींचे दिवस आज ठळकपणे पाळले जातात, त्यांच्याकडे या अंगाने पाहावे. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी मोगल फौजेशी लढताना पडली. तिचा दिवस चंद्रपूर-गडचिरोलीतही पाळतात. १९८३ मध्ये जबलपूरच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. तिची हकीकत अकबराच्या दरबारी इतिहासकाराने लिहून ठेवली. आपल्याकडचे वीर बाबूराव शेडमाके १२ मार्च १८३३ ला जन्मले आणि १८५८ मध्ये जंगलात इंग्रजांविरुद्ध लढले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. कारागृहातल्या पिंपळाजवळ दरवर्षी त्यांचे स्मरण होते, २००९ मध्ये टपाल तिकीटही निघाले. दुर्गावतीची तारीख मोगल इतिहासकाराने टिकवली, बाबूरावांची इंग्रजी दफ्तराने. दोघांच्या शौर्याला यामुळे कणभरही उणेपणा येत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्या गोंड पुरुष-स्त्रियांना शत्रूने मारले, त्यांना शत्रूच्याच दफ्तरात तारीख मिळाली. ज्यांनी राज्य केले, गावे वसवली आणि अंथरुणात देह ठेवला, त्यांना तारीख नाही. तारीख नाही म्हणून जयंती नाही, जयंती नाही म्हणून भाषण नाही, आणि भाषण नाही म्हणून पुस्तिकाही बेताचीच.

याचा परिणाम उलट दिशेनेही होतो. तारीख नसलेल्या राजाला उत्सवात आणायचे तर त्याला तारीख असलेल्या वीरासारखा पोशाख चढवावा लागतो. मग फलकावर घोडा येतो, उपसलेली तलवार येते, नावामागे बिरुदे येतात. चेहरा वेगळा, बाकी चित्र ओळखीचे. ज्यांना दुसऱ्याच्या उत्सवात बाजूला उभे राहावे लागले, त्यांना आपला राजा तितकाच उंच दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. पण उसन्या पोशाखात आपल्या राजाचे खास वेगळेपण झाकले जाते.

ससा, कुत्रा आणि राणी

ते वेगळेपण दंतकथेतच सापडते. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी-फोड होते, म्हणून तो 'खांडक्या'. राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले आणि वर्धेच्या काठी बल्लारपूरला किल्ला बांधला. एकदा शिकारीत तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे होते. एका खळग्यात थोडे पाणी दिसले, त्याने हातपाय, तोंड धुतले. रात्री गाढ झोप लागली, आणि सकाळी राणीने पाहिले तर फोड गेलेले. तिने ती जागा शोधायला लावली. तिथे पुढे अचलेश्वर उभा राहिला. पुढे एकदा कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्यामागे लागला. राजाने घरी येऊन सांगितले, तेव्हा राणी म्हणाली, ज्या वाटेने हे दोघे धावले त्या वाटेवर कोट बांध.

सशाने कुत्र्याचा पाठलाग करण्याची कथा भारतात अनेक नगरांच्या स्थापनेशी जोडलेली आहे. तेव्हा चांद्याच्या कथेत ससा हा नवलाचा भाग नाही. नवल आहे ते राजाच्या वर्णनात. हा राजा आजारी आहे, तहानलेला आहे, जे पाहिले ते घरी येऊन बायकोला सांगतो आणि तिचे ऐकतो. राजधानी बदलणे, पाण्याची जागा शोधणे, शहर वसवणे हे तिन्ही निर्णय राणीच्या शब्दावर होतात. मराठीतल्या राजकथांत स्वप्न देवी देते, तलवार देवी देते. इथे एक राणी पाण्याकडे बोट दाखवते. आपल्या पुस्तिका ही कथा सांगतात, पण शीर्षक देतात 'शूर राजा खांडक्या बल्लाळशाह'. कथेत त्याने एकही लढाई जिंकलेली नाही.

हाच प्रकार राणी हिराईच्या बाबतीत. बीरशहाचा त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या माणसाने खून केला. राजाला मुलगा नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या शाखेतला रामशहा दत्तक घेतला आणि तो लहान असताना अठराव्या शतकाच्या आरंभी राज्य चालवले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर दख्खनेत सगळी घडी विस्कटत असतानाचा हा काळ. तिने पतीची समाधी बांधली, ती राजघराण्याच्या समाध्यांत सर्वांत भव्य. महाकालीचे मंदिरही तिच्याच नावाशी जोडले जाते. आज चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लाखो भाविक महाकालीला येतात. पण हिराईविषयी आपण बोलतो तेव्हा पुन्हा पुन्हा समाधीवर येऊन थांबतो. 'पतीसाठी स्मारक बांधणारी राणी' हे तिचे वर्णन इतके रूढ झाले आहे की, 'राज्य टिकवणारी राणी' हे वाक्य परके वाटते. अहिल्याबाई आणि ताराबाई यांच्याविषयी मराठीत राज्यकर्ती म्हणून लिहिण्याची परंपरा आहे. हिराईला त्या रांगेत बसवून कोणी तुलना केली आहे का? ज्यांना चंद्रपूरबाहेर हिराईचे नावच माहीत नाही, त्यांच्याकडून ती अपेक्षा करणेही व्यर्थ.

तुकूम

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची मोठी वस्ती आहे. जिल्ह्याच्या महसुली यादीत गावनावांना चक, माल, रीठ, तुकूम अशी शेपटे लागलेली दिसतात. रीठ म्हणजे उठून गेलेले गाव. चक म्हणजे तोडून दिलेला जमिनीचा तुकडा. तुकूम म्हणजे, गोंडकालीन पद्धतीप्रमाणे, तलाव बांधणाऱ्याला त्या तलावापोटी मिळालेली जमीन. परंपरा या धोरणाचे श्रेय हिरशहाला देते. जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला त्या जमिनीचा हक्क, आणि जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन, असा त्याचा पुकारा सांगितला जातो. पूर्व विदर्भातल्या धानाच्या शेतीमागे अशा तलाव-बोड्यांचा आधार आहे.

राजाला स्मरणात ठेवण्यासाठी याहून मोठे कारण कोणते? पण या तलावांना आज आपण काय म्हणतो? 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजार ही इंग्रजी जमाबंदीने मालक म्हणून पक्की केलेली व्यक्ती. चांदा जिल्ह्यात हे काम ज्या जमाबंदीत झाले, तिचाच अहवाल म्हणजे लुसी स्मिथचा १८६९ चा अहवाल. म्हणजे एकाच कामात दोन गोष्टी झाल्या. राजा इतिहासाच्या पानांत गेला आणि तलाव मालगुजाराच्या नावावर गेला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्या नावाला 'माजी' लागले. माजी मालगुजार नावात राहिला. त्याच्या आधीचा राजा, आणि त्याच्याही आधी माती वाहणारा माणूस, दोघेही गळाले. आपल्या पुस्तिकांनी अहवालातली राजावळ घेतली, पण ती त्याच अहवालातल्या जमिनीच्या हिशेबाशी ताडून पाहिली नाही. एवढी एक गोष्ट केली असती तर गोंडराजांचे मराठीतले चरित्र वेगळे झाले असते.

इथे गोंडराजांचे गोडवे गाण्याचा मोह आवरायला हवा. जंगल तोडणाऱ्याला जमीन देण्याच्या धोरणाने जंगल मागे सरकले, बाहेरचे कसबी शेतकरी आले, आणि जंगलावर जगणाऱ्यांच्या वाटा आखडल्या असतील. राजगोंड घराणे आणि दाट रानातला माडिया किंवा साधा गोंड यांचे हितसंबंध एकच होते, असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे. फुल्यांनी शिवाजी महाराजांविषयी जो प्रश्न उभा केला तोच इथे विचारला पाहिजे : हा राजा कोणाचा होता? तलावाखाली ज्याला जमीन मिळाली त्याचा, की तलावात ज्याचे रान बुडाले त्याचा? या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही. पण हा प्रश्न विचारला की राजा यादीतून बाहेर येतो आणि त्याच्याविषयी भांडता येते. निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, तलावांच्या नोंदी आणि गावोगावच्या गोंडी गाण्यांतली स्थळनामे हे साहित्य त्यासाठी उपलब्ध आहे. ते वाचायला गोंडी आणि महसुली मराठी दोन्ही येणारा अभ्यासक हवा. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. हे काम तिथून अपेक्षिणे वावगे ठरू नये.

चंद्रपुरातला रामाळा तलाव रामशहाच्या नावाशी जोडला जातो. शहरातल्या सांडपाण्याने तो कसा झाला आहे हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. त्यासाठी लोकांना आंदोलन करावे लागले. जयंतीच्या मिरवणुकीवर होणारा खर्च आणि तलावाच्या गाळाकडे होणारे दुर्लक्ष एकाच शहरात नांदतात. रामशहाचे नाव धारण करणारे पाणी त्याच्या पुतळ्याइतके पवित्र का वाटत नाही, याचे उत्तर आपल्या स्मरणाच्या साच्यात आहे. त्या साच्यात तलवारीला जागा आहे, पाळीला नाही.

परतीच्या एसटीत गोंडपिपरी सोडले की रस्त्याच्या बाजूला धानाच्या बांध्या दिसतात, आणि कुठे एखाद्या बोडीची पाळ. तिच्यावर पाटी असलीच तर खात्याची असते. तिथे राजाचा पुतळा उभारावा असे मी म्हणणार नाही. ज्या गावाच्या नावात तुकूम आहे त्या गावच्या शाळेतल्या मुलाला त्या शब्दाचा अर्थ माहीत असावा, आणि तो तलाव कोणी खणला, कोणाच्या सांगण्यावरून खणला आणि त्याखालची जमीन कोणाला मिळाली, हे त्याने गुरुजींना विचारावे. या प्रश्नाला तारीख लागत नाही. तो वर्षातल्या कोणत्याही दिवशी विचारता येतो.